जिथं जिथं कोपी होती

शाळेच्या दाखल्यावर त्याचं जन्मगाव म्हणून बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातलं एक डोंगरकपारीचं गाव लिहिलेलं आहे आणि जन्मतारीख आहे १ जून. दोन्ही खरं नाही. पहिलीत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही तर गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. मराठवाड्यात या एका दिवशी जन्मलेल्यांच्या पंगती उठतील. जूनमध्ये साखर कारखान्यांची धुराडी थंड असतात आणि आई तर सांगते, तू फडावर झालास. फड कुठला, तर "सोमेश्वरकडं, पाटाच्या कडंला, चिंचंच्या अंगाला." एवढाच पत्ता. चाळिशीला आलेल्या, बीडच्या मोंढ्यात पिकअपवर भाडी मारणाऱ्या या मुलाला ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती. म्हणून गेल्या पौषात त्यानं आई-वडलांना पिकअपमध्ये बसवलं आणि तिघं जण ऊसतोडीच्या जुन्या अड्ड्यांच्या मागावर निघाले.

घरात वडलांना सगळे बप्पा म्हणतात आणि आईला बाई. गाडी भरायचं काम बाईंनी कुणाला करू दिलं नाही. हौद्यात तळाला बाजरीच्या पिठाची गोणी, त्यावर वाकळा, कडेला पाण्याचा ड्रम, हात घातला की सापडेल अशी गॅसची शेगडी, वरून ताडपत्री. आणि सगळ्यांत शेवटी, म्हणजे उतरताना सगळ्यांत आधी हाताला येईल असा, झाडू. मुक्कामाला पोचलं की आधी जागा झाडायची, मग बाकीचं. तीसेक वर्षं दर दसऱ्यानंतर ट्रकमध्ये संसार भरलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

अमेरिकेत नोकरीतून मोकळी झालेली जोडपी चाकांवरचं घर घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात, लहानपणीचं घर, जुनी आळी, पहिली शाळा बघून येतात. आपल्याकडेही राज्याच्या पर्यटन खात्यानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बीडच्या माणसाला मात्र चाकांवरचा संसार फार आधीपासून ठाऊक आहे. बैलगाडीवर बाज, बाजेवर पोरं, गाडीखाली टांगलेली कोंबड्यांची डालगी आणि मागं बांधलेली शेळी, अशा गाड्यांच्या रांगा पाथर्डीच्या रस्त्यानं नगरकडे उतरताना बप्पांनी पाहिल्या आहेत, हाकल्याही आहेत. लांबच्या कारखान्यांसाठी पुढं ट्रक आले. त्यात बैलही चढवायचे आणि गाड्याही. वर्षाचे पाच-सहा महिने जिथं चूल पेटली, लेकरं झाली, म्हातारी माणसं गेली, त्या जागेला राहतं घर म्हणायला काय हरकत आहे? तरी या घरांची नोंद कुठल्या कागदावर सापडत नाही, आणि आपण त्या सगळ्या जगण्याला 'पोटासाठी गेले होते' एवढ्या तीन शब्दांत गुंडाळतो. या प्रवासाची हकिगत सांगावीशी वाटली ती त्यासाठी.

बीडमधून माणूस एवढ्या संख्येनं का निघाला हे पाटोदा, आष्टी, शिरूर कासारचे डोंगर पाहिले की समजतं. बालाघाटाच्या या माथ्यावर माती वीतभर, खाली मुरूम. पाऊस कमी आणि आला तरी ओढ्यावाटे निघून जातो. दुसरीकडे, १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यानं गाळप सुरू केलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पाटाच्या पाण्यावर कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. ऊस वाढला, तो तोडायला माणूस हवा होता. १९७२ च्या दुष्काळात इथल्या माणसानं खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि तो सरला तरी शेतीवर भागेल हा भरवसा परत आला नाही. बप्पांच्या घरातला पहिला कोयता त्यानंतरच बाहेर पडला. कोयता म्हणजे एक जोडपं, नवरा-बायको मिळून. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात जाते आणि मग हंगामभर तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या सालावर.

मोहटादेवीला नारळ फोडून पिकअप करंजी घाट उतरली. पहिला मुक्काम प्रवरेच्या काठचा. बप्पा इथं लहानपणी आई-वडलांबरोबर आणि पुढं लग्नानंतर बाईंना घेऊन आले होते. गावाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, कारण गावाशी त्यांचा संबंध बाजारापुरता. खुणा मात्र एकेक पाठ. कारखान्याच्या गव्हाणीपासून बैलगाडीला लागायचा वेळ, पाटाची मोरी, दोन विहिरींमधली पायवाट, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयची सायकल लागायची ते बाभळीचं झाड. कारखान्याच्या फाटकापासून ते मुलाला सांगत राहिले, "चल अजून. अजून चल. बैल हितं धापा टाकायचे, म्हंजी चढ यायला पायजे." चढ आला. त्यापुढं मोरीही आली. अड्ड्याच्या जागी आता पेट्रोलपंप आहे. बप्पांनी पंपाच्या मागं जाऊन पाटाचं पाणी पाहिलं, हात-पाय धुतले आणि पंपावरच्या पोराला सांगितलं की इथं साठ-सत्तर कोप्या होत्या. पोरगं समजूतदार निघालं. त्यानं चहा मागवला आणि कोपी म्हणजे काय ते विचारलं.

ते सांगायला बप्पांना जवळचाच चालू अड्डा सापडला. आष्टीकडच्या टोळ्या होत्या. एका माणसाला ताणून बांधता येतील अशा बांबूच्या काठ्या, दोन्ही अंगांनी कललेल्या चटया, वरून पाचट, आत शिरताना कंबरेत वाकावं लागेल एवढंच दार. आत शेणानं सारवलेली जमीन, आढ्याला टांगलेल्या पिशव्या. भाकरी, पीठ, लेकरांची अंगडी, सगळं वर, म्हणजे कुत्र्या-उंदरांच्या तोंडी जात नाही. बाहेर तीन दगडांची चूल. बाईंनी दोन-चार कोप्यांत डोकावून पाहिलं. चटईऐवजी आता निळी ताडपत्री आली आहे, एका कोपीत मोबाइल चार्ज करायला छोटं सोलर लावलेलं होतं. "न्हाणी कुठंय?" त्यांनी पहिला प्रश्न तोच केला. चार काठ्यांना गुंडाळलेली जुनी साडी एका पोरीनं दाखवली. बाईंच्या वेळीही तेच होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढं रस्त्यात बराच वेळ या एका गोष्टीवर बोलत होत्या. ट्रक गेला, ट्रॅक्टर आला, जुगाड आलं, काही फडांत तर हार्वेस्टर यंत्रही शिरलं, मग बाईच्या अंघोळीला चार भिंती का आल्या नाहीत? या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस त्यांना भेटला नाही.

नारायणगाव, पुणे, दिवे घाट, जेजुरी ओलांडून ते नीरेच्या डाव्या कालव्यावर आले. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, सगळा उसाचा मुलूख. इथं बप्पा आणि बाईंचं जमेना. बप्पांच्या मते कोपी कालव्याच्या वरच्या अंगाला होती, बाईंच्या मते खालच्या. मुलगा मोबाइलवर नकाशा उघडून गाडी हाकत होता आणि नकाशा त्याला 'अननेम्ड रोड' एवढंच सांगत होता. शेवटी बाईंनी गाडी थांबवली. त्यांना चिंच दिसली नव्हती. त्यांना विहिरीच्या दगडी थारोळ्याचा कोपरा दिसला होता. थारोळ्यावर त्या धुणं धुवायच्या आणि एका कडेला कोयत्याला धार लावून लावून बप्पांनी दगडाला खोबण पाडली होती. विहीर बुजवलेली, शेजारी प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं, ठिबकच्या नळ्या. पण तो दगड बांधावर तसाच पडलेला. बाईंनी खोबणीत बोट घालून पाहिलं.

शेतमालकाच्या वस्तीवर स्लॅबचं घर झालं आहे. ओट्यावर एक फार म्हाताऱ्या काकू उन्हाला बसल्या होत्या. बाई जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, ओळखलं का?" काकूंनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. "बीडची न्हवं तू? थंडीत बाळंत झाली ती?" आणि मग मुलाकडे वळून, "ह्यो त्यो व्हय!"

पुढचं सगळं काकूंनीच सांगितलं. पहाटे तीनला टोळी फडात गेली होती. बाई दिवस भरलेल्या, तरी मोळ्या बांधत होत्या, कारण एक कोयता बसला की खाडा धरतात आणि तेवढी उचल अंगावर राहते. कळा फडातच सुरू झाल्या. टोळीतल्या एका जाणत्या म्हातारीनं पाचटाच्या आडोशाला सोडवलं. काकूंनी पाणी तापवून पाठवलं, नंतर तूप-गूळ दिलं, आपलं एक मऊ झालेलं लुगडं दिलं. त्यातच पोर गुंडाळलं. थोड्याच दिवसांत बाई पुन्हा फडात. पोर टायरगाडीच्या जुवाला बांधलेल्या झोळीत. काकूंना महिनाही आठवत होता, कारण तेव्हा त्यांच्याकडे संक्रांतीचे तीळ भाजले जात होते. म्हणजे जानेवारीचा मध्य. मुलाला जन्मतारीख अशी मिळाली, आणि जागाही. ती आता एनए प्लॉटमध्ये गेली आहे, चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर रंगवलेले दगड. त्यानं तिथं उभं राहून मोबाइलवर खूण केली. दाखला बदलून घ्यायचा का, असं बप्पांनी विचारलं. तो नको म्हणाला. कागद दुरुस्त करायला कागदच लागतात आणि त्या पहाटेचा कागद कुणाकडे आहे? काकू आहेत, तेवढं त्याला पुरे वाटलं.

सगळ्याच ठिकाणी असं स्वागत झालं असं समजू नये. एका वस्तीवर त्यांना पाणी मागताना चोर समजून हटकलं. एका ठिकाणी जिथं चार हंगाम काढले, तिथल्या मालकाच्या पोराला टोळी, मुकादम काही आठवत नव्हतं. आठवण्याचं कारणही नव्हतं. ऊस तोडून झाला की अड्डा उठतो, पाचट जाळलं की जमीन नांगराला मोकळी.

कराड, इस्लामपूर भागातून ते भराभर पुढं गेले. इथं बप्पांचा पुतण्या दर साल असतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तो याच भागात अडकला होता. ऊस संपलेला, अड्डा उठवायचा तर रस्ते बंद, गावात जावं तर दुकानदार दार लावून घेतोय. अखेर १७ एप्रिल २०२० ला सरकारनं आदेश काढून तपासणी करून या लोकांना घरी पाठवायला परवानगी दिली. सरकारच्याच आकड्याप्रमाणे तेव्हा ३८ कारखान्यांवर १ लाख ३१ हजार कामगार अडकले होते. इतकी माणसं इथं राहतात हे अनेकांना त्या आदेशानंच कळलं. गावात परतल्यावरही पुतण्याला शिवारातच राहावं लागलं. तिथं परका, इथं संशयित.

निपाणीहून इचलकरंजीमार्गे शिरोळ गाठलं तेव्हा मात्र बाई खुलल्या. हा त्यांचा आवडता मुलूख. कारखान्यात बिघाड होऊन गाळप थांबलं की टोळीला सुट्टी, आणि सुट्टी मिळाली की सगळ्या बाया नरसोबाच्या वाडीला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर लेकरांना अंघोळ, दत्ताचं दर्शन, परवडलं तर वाडीची बासुंदी एका वाटीत तिघींना. शिरोळच्या बायकांकडून त्या हिरव्या मिरचीचा खर्डा कुटायला शिकल्या आणि तो पुढं शिरूर कासारच्या त्यांच्या आळीत घरोघरी गेला. इथल्या एका बाईशी त्यांनी बहिणीचं नातं धरलं होतं. उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या विकायला रोज तिच्या दारावरून जाणं व्हायचं, त्यातून ओळख वाढली. तिचं घर सापडलं, ती मात्र नव्हती. सुनेनं हळदी-कुंकू लावलं, जेवू घातलं आणि "आत्या तुमचं नाव घ्यायच्या" असं सांगितलं. दु:खाच्या गोष्टी सांगताना आपण या मैत्र्या विसरतो. बाईंना त्या सगळ्या नावानिशी पाठ आहेत.

परतीची वाट मिरज, पंढरपूर, बार्शी. येरमाळ्यापुढं चौसाळा आलं, बीडची हद्द लागली. जिल्ह्यातल्याच एका गावात बाईंनी काचेतून एक इमारत दाखवली. "हितं पिशवी काढली माझी." वय तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाले काढून टाका, मुकादम म्हणाला हंगामाच्या आधी उरका. पैसे उचलीतून. ही त्यांच्या एकटीची गोष्ट नाही. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दर सहा बायकांमागं एक. ती पाहणी झाली तेव्हा बाईंचं तोडणीला जाणं थांबलं होतं. त्यांना कुणी विचारायला आलं नाही.

बप्पांनी मात्र परतीत दुसराच विषय काढला. अड्ड्यावर भेटलेली आष्टीची माणसं त्यांना सांगत होती की २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि हंगाम १५ तारखेला सुरू झाला, तेव्हा कुणी मागं थांबलं, कुणाचं मत राहिलं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, हे त्यांना ठाऊक होतं. जोडप्यानं दिवसाला दीड-दोन टन तोडला तर काय पडतं तो हिशोबही ठाऊक होता. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं आहे हेही. पण बप्पांचा प्रश्न साधा होता: आपण राहतो कुठं हे सरकार कसं धरतं? २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम, बालाघाटावरच्या वाड्यांत घरांना कुलपं आणि ओट्यावर म्हाताऱ्या. येत्या जनगणनेची संदर्भतारीख पुन्हा १ मार्च २०२७ च आहे. तेव्हाही पोरं-लेकरं कोप्यांत असतील. गणना करणारा पाटाकडेच्या अड्ड्यावर पोचला, त्यानं कोपी मोजली, न्हाणी नाही हे लिहिलं, इथं शाळेत न गेलेली मुलं किती हे लिहिलं, तर निदान कागदावर या वस्त्या उमटतील. काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या, बीडमध्ये मुलांना गावी ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली, शिरूर कासारच्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांच्या 'शांतिवन'नं अशा मुलांची शाळाच उभारली. ही कामं मोलाची आहेत. तरी जिथं माणूस अर्धं वर्ष राहतो ती जागा त्याच्या हक्काची वस्ती मानली, पाणी, संडास, दवाखाना तिथं पोचवला, असं व्हायला हवं. आणि त्यासाठी आधी ती मोजली पाहिजे.

घरी आल्यावर मुलानं एक शंभर पानी वही आणली आहे. अड्ड्याचं ठिकाण, कारखाना, साधारण साल, टोळीत कोण कोण, पाणी कुठून भरायचं, काय घडलं, असे रकाने आखले आहेत. बप्पा सांगतात, नातवंडं लिहून घेतात, बाई मध्येच चुका काढतात. माळेगावच्या दोन हंगामांवरून दोघांचं अजून एकमत नाही. खालच्या अड्ड्यावर पुरानं भिजलेली बाजरी आधीच्या साली की नंतरच्या, हे ठरत नाही. त्या टोळीतला एक जोडीदार अजून तोडणीला जातो. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की तो गावी येईल, मग त्याला विचारून तेवढी ओळ भरायची असं ठरलं आहे.